इमारतीचा पुनर्विकास होतोय, रस्त्याचा कोण करणार? जुन्या ठाण्यातल्या रहिवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शक

आमच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी घंटाळीहून तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तळ्याच्या काठी, फिरायला जातात. एका रविवारी मी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. त्या फूटपाथवरून खाली उतरल्या की एक रेघ, वर चढल्या की दुसऱ्या रकान्यात एक रेघ. मासुंदा तळ्याच्या कठड्यापाशी पोचेपर्यंत काकू चौदा वेळा उतरल्या आणि तेरा वेळा चढल्या. शेवटचा फूटपाथ चढायचा त्यांनी सोडूनच दिला आणि रिक्षांच्या कडेकडेनं चालत राहिल्या. "गुडघा म्हणतो, आता पुरे," एवढंच बोलल्या. त्या दिवसापासून रस्त्याबद्दल तक्रार करणं मी थांबवलं आणि रस्ता मोजायला लागलो.

जुन्या ठाण्यात, म्हणजे नौपाडा, विष्णुनगर, भास्कर कॉलनी, जांभळी नाका या पट्ट्यात, आज जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी इमारत पाडली जातेय. तीन-चार मजल्यांच्या जागी टॉवर उभे राहतायत. बिल्डर, सोसायटी, वकील, आर्किटेक्ट सगळे भूखंडाच्या आतलं बघतात. कुंपणाबाहेरच्या पट्टीकडे बघणारं कुणी नसतं. आणि नेमकी ती पट्टी याच काळात रुंद होते. शंभर वर्षांत एकदा. ती फूटपाथ होणार की दोन ओळींचं पार्किंग, हे आत्ता, काँक्रीट पडायच्या आधी ठरतं. एकदा गाड्या लागल्या की त्या हलवणं फार कठीण. म्हणून हा लेख.

एक रस्ता निवडा

"ठाण्यात चालायला जागा नाही" ही मागणी कुणी मंजूर करू शकत नाही. "अमुक मंदिर ते तमुक चौक, ३२० मीटर" ही करू शकतं. निवडताना तीन गोष्टी बघा. रस्ता शाळा, स्टेशन, मंडई किंवा दवाखान्याकडे जाणारा असावा. त्यावर येत्या दोन-तीन वर्षांत पुनर्विकासाला जाणाऱ्या किमान तीन-चार इमारती असाव्यात. आणि तिथे राहणारी पाच माणसं तुमच्यासोबत यायला तयार असावीत. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. एकटा माणूस अर्ज करतो, पाचजण पाठपुरावा करतात.

सुरुवात गोखले रोड किंवा राम मारुती रोडपासून करू नका, असं मी सांगेन. तिथे दुकानं, रिक्षा, बस, पार्किंग सगळं एकाच वेळी अंगावर येतं. त्याला जाऊन मिळणारी एखादी आडवी गल्ली घ्या. ती जमली की मोठ्या रस्त्यासाठी दाखवायला उदाहरण हाताशी राहतं.

टेप, खडू आणि वही

लागणारं साहित्य: तीस मीटरचा टेप, खडू, मोबाईल, आणि रस्त्याचा हातानं काढलेला लांबट नकाशा. रविवारी सकाळी सातला जा, तेव्हा टेप रस्त्यावर टाकता येतो.

दर वीस मीटरवर थांबा. कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत एकूण रुंदी घ्या. मग दोन्ही बाजूंच्या फूटपाथची रुंदी. पण इथे एक फरक नीट समजून घ्या: फूटपाथची बांधीव रुंदी आणि चालायला मिळणारी रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी. दीड मीटरच्या फूटपाथवर मध्येच विजेचा फीडर पिलर असेल आणि त्याच्या बाजूनं पन्नास सेंटिमीटर उरत असतील, तर त्या ठिकाणी वहीत पन्नासच लिहायचे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांबाबतच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर येऊन निघून जातील एवढी ती जागा आहे. बाजाराच्या रस्त्यावर याहून जास्त लागते.

उंचीही मोजा. फूटपाथच्या कडेचा दगड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आमच्या गल्लीत तो एके ठिकाणी २८ सेंटिमीटर भरला, तर चाळीस पावलांवर चक्क शून्य. रस्त्यावर थरांवर थर चढले आणि फूटपाथ तिथेच राहिला, म्हणून तो शून्य. व्हीलचेअरसाठी उतार असेल तर त्याचं प्रमाण एकास बारा हवं. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार. एक हात लांबीचा तिरका काँक्रीटचा ठोकळा म्हणजे उतार नव्हे; त्यावरून व्हीलचेअर उलटते.

अडथळ्यांची यादी करताना प्रत्येकासमोर मालक लिहा. झाडाचं आळं, दिव्याचा खांब, केबलचा बॉक्स, दुकानाची पायरी, सोसायटीच्या गेटचा बाहेर आलेला रॅम्प, लावलेल्या दुचाकी, वडापावची गाडी, अर्धवट राहिलेलं मॅनहोलचं झाकण. वीज कंपनीचा खांब महापालिकेच्या अभियंत्याला सांगून हलत नाही. मालक लिहिलेला असला की पुढचा पत्रव्यवहार कुणाशी, हे आपोआप कळतं.

पिवळ्या खडबडीत लाद्याही बघा. पट्ट्यांची लादी म्हणजे "या दिशेनं चाला", ठिपक्यांची म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे". दृष्टिहीन माणूस त्या काठीनं वाचतो. पट्ट्यांची ओळ सरळ झाडाच्या बुंध्यात शिरत असेल तर तो फोटो सगळ्यात वर लावा.

माणसं मोजा, गाड्या मोजा

महापालिका, पोलीस, सल्लागार सगळे गाड्या मोजतात. माणसं मोजायला कुणी उभं राहत नाही, म्हणून कागदावर माणसं दिसत नाहीत. दोघांनी एका कोपऱ्यावर उभं राहायचं. एकजण रस्ता ओलांडणारी माणसं मोजेल, दुसरा वाहनं. सकाळी साडेआठ ते साडेनऊ, संध्याकाळी सहा ते आठ, आणि शाळा सुटायची वेळ. पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत, चारचार रेघा आणि पाचवी आडवी. म्हातारी माणसं, कडेवर मूल असलेल्या बायका आणि सायकलवाले यांचे वेगळे रकाने ठेवा.

आता हिशोब. रस्ता ओलांडायला सिग्नल किंवा नियंत्रित क्रॉसिंग द्यावं का, याची एक कसोटी आयआरसीनंच दिलेली आहे: गर्दीच्या तासातली माणसांची संख्या गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर दहा कोटींच्या वर गेलं, दुभाजक असेल तर वीस कोटींच्या वर गेलं, की क्रॉसिंगची गरज सिद्ध झाली. समजा तासाला ४२० माणसं ओलांडतात आणि ६४० वाहनं जातात. ६४० चा वर्ग ४,०९,६००. त्याला ४२० नं गुणा: सतरा कोटी वीस लाख. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा आकडा पुरेसा आहे. अभियंत्याच्या टेबलावर हा एक कागद ठेवलात तर बोलण्याचा सूर बदलतो. कारण हे त्यांच्याच पुस्तकातलं गणित असतं.

सिग्नल असेल तर वेळही मोजा. हिशोबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. अठरा मीटरच्या रस्त्याला पंधरा सेकंद. आमच्या काकू ०.८ मीटरनं चालतात. त्यांना साडेबावीस लागतात. म्हणजे हिरवा माणूस विझतो तेव्हा त्या बरोबर मध्यावरून सहा पावलं पुढे असतात.

कागद: रस्ता कुणाचा आणि किती रुंद

विकास आराखड्यात तुमच्या रस्त्याची रुंदी लिहिलेली असते. जागेवरची रुंदी त्याहून बहुधा कमी भरते. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त एखाद्या रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकतात. नवीन बांधकाम त्या रेषेच्या आत सरकावं लागतं. या दोन रेषा मिळवणं हे कागदपत्रांचं मुख्य काम.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. "आमच्या रस्त्याचं काय झालं?" असं विचारू नका; कागद मागा. मी वापरतो तो मसुदा असा:

"अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. १) मंजूर विकास आराखड्यातील या रस्त्याची रुंदी दर्शवणारा भागनकाशा. २) कलम २१० अन्वये रस्ता रेषा निश्चित केली असल्यास तिचा नकाशा व आदेश. ३) मागील पाच वर्षांत या रस्त्यालगत बांधकाम परवानगी दिलेल्या भूखंडांची यादी व प्रत्येकाकडून रस्त्यासाठी ताब्यात घेतलेले क्षेत्र. ४) चालू वर्षात या रस्त्याचे काम मंजूर असल्यास त्याचे अंदाजपत्रक व आडवा छेद."

आडवा छेद म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणारं चित्र, कुठल्या पट्टीला किती रुंदी ते सांगणारं. तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. कुणी किती जागा सोडली आणि ती आज कुठे आहे, हे त्यातून कळतं. आमच्याकडे एका भूखंडासमोर ताब्यात आलेली पट्टी कागदावर रस्ता होती आणि जागेवर कुंड्यांमागचं खासगी पार्किंग होतं. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. कंटाळून सोडू नका.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवा. फूटपाथ, क्रॉसिंगचे पट्टे, गतिरोधक ही बांधकामं महापालिकेची. एकदिशा मार्ग, नो पार्किंग, जड वाहनांना बंदी यांची अधिसूचना पोलिसांच्या वाहतूक शाखेची. घोडबंदर रस्त्यासारख्या ठिकाणी सार्वजनिक बांधकाम खातं आणि मेट्रोच्या कामामुळे एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणही येतं. एकच पत्र सगळ्यांना पाठवलं तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं वेगळं पत्र द्या आणि इतरांना प्रत.

फाईल उघडी असतानाच शिरा

२०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, इमारतीला किती चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करायची परवानगी, मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेलं आहे. नऊ मीटर हा त्यातला कळीचा आकडा. जुन्या ठाण्यातल्या सहा मीटरच्या गल्ल्या म्हणूनच नऊ मीटर करायची धडपड चालते: दोन्ही बाजूच्या इमारती पाडल्या जातात तसतसं प्रत्येक भूखंड दीड मीटर आत सरकतो आणि सोडलेल्या जागेच्या बदल्यात चटईक्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेतो. म्हणजे त्या दीड मीटरची किंमत चुकती झालेली असते. ती जागा सार्वजनिक झाली. दोन्ही बाजूंचे मिळून तीन मीटर रुंदी, इमारत पाडल्याशिवाय कधीच मिळाली नसती अशी.

पण ती एकाच वेळी मिळत नाही. आज एक भूखंड, दोन वर्षांनी त्याच्या शेजारचा. मधल्या काळात रस्ता करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, आणि प्रत्येक दात्यात दोन मोटारी बसतात. यावर उपाय एकच: पट्टी ताब्यात आली की तेवढ्याच लांबीचा फूटपाथ लगेच बांधून घ्यायचा, पुढच्या भूखंडाची वाट न बघता. वीस मीटरचा तुकडा एकटा विचित्र दिसेल. दिसू द्या. तो पुढच्यासाठी पातळी आणि रेषा ठरवून देतो.

तुमचीच सोसायटी पुनर्विकासाला जात असेल तर तुमच्या हातात महापालिकेपेक्षाही जास्त आहे. विकासकाशी करार करताना कार्पेट एरिया, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी), भाडं यावर वर्षभर खल होतो. त्यातच ही कलमं घाला:

वाहनांसाठी गेट एकच. दोन गेट म्हणजे फूटपाथ दोनदा तुटतो.

गेटसमोर फूटपाथ सलग आणि त्याच पातळीवर राहील. मोटार चढून येईल, माणूस उतरणार नाही. बेसमेंटचा किंवा पोडियमचा रॅम्प पूर्णपणे कुंपणाच्या आत सुरू होईल. हे कलम नसेल तर जोत्याची उंची वाढते आणि फरक भरून काढायला रॅम्पचं टोक हमखास फूटपाथवर येतं. काकूंच्या चौदा उतारांपैकी नऊ अशा गेटांसमोरचे होते.

दुकानांच्या पायऱ्या भूखंडाच्या आत. ट्रान्सफॉर्मर, मीटरचे बॉक्स, कचऱ्याचे डबे भूखंडाच्या आत, रस्त्याकडून उघडतील असे. कुंपणभिंत छातीपर्यंत, वर जाळी; दोन पुरुष उंचीच्या भिंतीमधल्या गल्लीत रात्री बायका चालत नाहीत.

बांधकाम चालू असताना पत्र्याच्या बाहेर छप्पर असलेली चालायची वाट, आणि शाळेच्या वेळात मिक्सर-ट्रक बंद.

आर्किटेक्टला सांगा की मंजुरीच्या नकाशात समोरच्या फूटपाथचा छेदही काढा. एकदा तो नकाशावर आला की ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मागताना दाखवता येतो. नकाशात नसलेल्या गोष्टीसाठी ओसी कुणी अडवत नाही.

समूह पुनर्विकासात, म्हणजे क्लस्टरमध्ये, वाव याहून मोठा असतो, कारण तिथे रस्त्यांचं जाळंच नव्यानं आखलं जातं. तिथे सूचना-हरकतींच्या काळात एक मागणी जरूर करा: जुन्या बोळांमधून जाणारे पायी रस्ते मोडू नका. वस्तीत माणसं वर्षानुवर्षं ज्या बोळातून चार मिनिटांत स्टेशनच्या वाटेला लागतात, तो टॉवरच्या कुंपणात गेला की तीच वाट पंधरा मिनिटांची होते आणि माणूस रिक्षा करतो.

नऊ मीटरचा हिशोब

नऊ मीटरमध्ये काय बसतं? दोन्हीकडे १.८ मीटरचे फूटपाथ, मध्ये ५.४ मीटर रस्ता. दोन मोटारी हळू जाऊन एकमेकींना ओलांडतात. हे एक रूप. दुसरं: एकदिशा करा, ३.४ मीटर वाहनांना, २ मीटर एका बाजूला पार्किंग किंवा रिक्षा आणि माल उतरवायची जागा, उरलेले ३.६ फूटपाथना. दोन्हीकडे पार्किंग आणि दुहेरी वाहतूक नऊ मीटरमध्ये बसतच नाही. ती आज "बसते" ती फक्त माणसांना रस्त्यावर उतरवून.

बैठकीत पहिला प्रश्न येईल: आगीचा बंब कसा येणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तयार ठेवा. बंब फूटपाथमुळे अडत नाही, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे अडतो. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यालाच संध्याकाळी आठ वाजता गल्लीत बोलवा आणि आजची मोकळी रुंदी टेपनं दाखवा. आमच्याकडे ती २ मीटर ६० भरली होती.

कोपऱ्यांवर विशेष लक्ष द्या. कोपरा जितका मोठ्या वळणाचा, गाडी तितक्या वेगानं वळते आणि ओलांडायचं अंतरही वाढतं. कोपरा आवळला की दोन्ही कमी होतात, आणि कोपऱ्यावर गाडी लावायची जागाच उरत नाही.

वेग आणि सायकल

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. ही केंद्र सरकारचीच आकडेवारी आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते: ताशी ५० चा आघात ३० च्या पावणेतीनपटीहून जास्त. माणसं आणि वाहनं मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. पण नुसत्या पाटीनं वेग उतरत नाही; रस्त्याच्या आकारानं उतरतो.

गतिरोधक मागाल तर नीट मागा. प्लास्टिकच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्या स्क्रूनं ठोकतात, त्यांनी स्कूटरवरच्या माणसाचे मणके हलतात आणि सहा महिन्यांत त्या उखडून खिळे वर येतात. आयआरसी ९९ मधला गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असतो. ताशी २५ नं गेलात तर हिसका बसत नाही. त्याहून चांगलं म्हणजे फूटपाथच्या पातळीला उचललेलं सपाट क्रॉसिंग. ते गतिरोधकही असतं आणि काकूंना उतरावंही लागत नाही. शाळेच्या फाटकासमोर दुसरं काही मागूच नका.

सायकलबाबत माझं मत स्पष्ट आहे. नऊ-बारा मीटरच्या गल्ल्यांत वेगळा सायकल ट्रॅक मागण्यात शक्ती घालवू नका. रंगवलेली हिरवी पट्टी दोन आठवड्यांत दुचाकींचं पार्किंग होते. अशा गल्लीत वाहनांचा वेग ताशी वीस-पंचवीसवर आणला की अख्खी गल्लीच सायकलची होते. वेगळा, कठड्यानं तोडलेला ट्रॅक हवा तो घोडबंदरसारख्या वेगवान रस्त्यांच्या सेवारस्त्यावर; तिथे रंगाचा उपयोग नाही, उंचीचा फरक किंवा दगड हवा. एकदिशा गल्ल्यांत सायकलला उलट दिशेनं जायची अधिकृत मुभा मागा, नाहीतर सायकलवाला अर्ध्या किलोमीटरचा वळसा घालत नाही, तो नियम मोडतो. आणि स्टेशनजवळ सुरक्षित स्टँड मागा: एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली बसतात. सायकल चोरीला जाईल या भीतीनं ती घरीच राहते, हे कुठल्याही सायकलवाल्याला विचारा.

नवी मुंबईकरांसाठी दोन शब्द. सिडकोनं १९७० नंतर आखलेल्या शहरात रुंदीची टंचाई नाही, तिथलं दुखणं वेगाचं आणि लांबलचक क्रॉसिंगचं. पाम बीच रोडवर आणि सेक्टरांच्या मोठ्या चौकांत ओलांडताना मध्ये थांबायला दुभाजकावर नीट जागा मागा. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सेक्टरच्या आतल्या, इमारतींमधून जाणाऱ्या पायवाटा प्रत्येक प्रस्तावात तपासा. सिडकोच्या आखणीतली ती सगळ्यात शहाणी गोष्ट आहे आणि ती कुंपणांमध्ये हरवायला वेळ लागत नाही.

फेरीवाले आणि दुकानदार

अनेक रहिवासी गटांची पहिली मागणी "फेरीवाले हटवा" ही असते. ती मागणी पहिली ठेवू नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण, मग जागा, मग हटवणं; नगर पथविक्रेता समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी ४० टक्के असायला हवेत. शिवाय ज्या कोपऱ्यावर रात्री साडेदहाला कणसं भाजणारा बसलेला असतो, त्या कोपऱ्यावरून बायका निर्धास्त जातात. रुंद फूटपाथवर १.८ मीटर चालायची वाट सोडून पलीकडे खुणा करून जागा द्या. जिथे रुंदी नाही, तिथे पार्किंगच्या दोन जागा काढून द्या. त्यांच्याशी आधी बोला, नकाशा दाखवा. रस्त्याची पाणी तुंबायची जागा त्यांच्याइतकी कुणाला माहीत नसते.

दुकानदारांना भीती असते ती गिऱ्हाईक तुटण्याची. वाद घालू नका, त्यांच्याच दुकानात शनिवारी संध्याकाळी एक तास उभं राहून गिऱ्हाईक कसं आलं ते त्यांच्यासमोर टिपा: चालत, रिक्षानं, दुचाकीवर, मोटारीनं. चेन्नईत पाँडी बझारचा रस्ता २०१९ मध्ये चालणाऱ्यांसाठी नव्यानं बांधला, पुण्यात लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून वाहनांना बंद ठेवतात. दोन्ही भर बाजारातले रस्ते आहेत. शक्य असेल तर तुमच्या व्यापाऱ्यांच्या दोन प्रतिनिधींना पुण्याला घेऊन जा. मी सांगण्यापेक्षा तिथला दुकानदार सांगेल ते त्यांना पटेल.

एक दिवस करून दाखवा

ठाणेकरांना हे नवीन नाही. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळी माणसांनी फुलून जाते, पाडव्याच्या स्वागतयात्रेत रस्ते चालणाऱ्यांचे असतात, आणि त्या दिवशी शहर कोलमडत नाही. तसाच एक रविवार तुमच्या गल्लीत मागा, सकाळी सहा ते दहा. वाहतूक शाखेला किमान महिनाभर आधी पत्र, प्रभाग कार्यालयाला प्रत, रुग्णवाहिकेची वाट मोकळी, प्रत्येक टोकाला दोन स्वयंसेवक. त्या दिवशी प्रस्तावित फूटपाथची रेषा खडूनं किंवा चुन्यानं पूर्ण लांबीची आखा, कोपऱ्यांवर कुंड्या ठेवून ते आवळा. लोकांना नकाशा कळत नाही, चुन्याची रेघ कळते. रेघेच्या आत मुलांनी लंगडी मांडली की विरोधकही थोडे नरमतात. आणि मागच्या मोजणीसारखीच मोजणी त्या दिवशीही करा.

मागणी कुठे, केव्हा

महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडलं जातं. तुमची फाईल ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे पोचलेली हवी. पावसाळ्यात खोदाई बंद असते; तेव्हा मोजणी आणि कागद उरका.

फाईल जाड नको. एक पान मागणी, एक पान नकाशा, एक पान मोजणी, चार फोटो. मागणी छेदाच्या भाषेत: "रुंदी ९ मीटर, फूटपाथ १.८, रस्ता ५.४, फूटपाथ १.८, तीन उचललेली क्रॉसिंग, जागा नकाशात दाखवल्याप्रमाणे." खाली सह्या, प्रत्येकाच्या इमारतीसह. प्रत घ्या, आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेलं पत्र दिलंच नाही असं धरा. पंधरा दिवसांनी पाचजण जाऊन भेटा, एकटं नको. नगरसेवकाला पहिल्याच दिवसापासून सोबत घ्या. प्रभागाच्या निधीतून वीस मीटरचा पहिला तुकडा तिथूनच होऊ शकतो. हालचाल नसेल तर नागरिकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन आहे, महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

पत्रात दोन कायदेशीर गोष्टींचा साधा उल्लेख असू द्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्यायोग्य फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क मानला. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे रस्ता बांधताना सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून लिहू नका. अभियंत्याला वरिष्ठांपुढे फाईल रेटायला तो आधार लागतो.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेश आणि मंजूर छेदाची प्रत मिळवा आणि सोसायटीच्या फलकावर लावा. मग रोज एकानं संध्याकाळी टेप घेऊन जायचं. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी कडेच्या दगडाची ओळ सुतानं आखलेली असते. त्याच वेळी रुंदी आणि उंची मोजा. नंतर मोजून उपयोग नाही. आमच्या गल्लीत दोन गेटांसमोर दगड खाली उतरवलेला त्या संध्याकाळीच दिसला, मुकादमाला नकाशा दाखवला, आणि सकाळी ओळ सरळ झाली. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर पुढची वीस वर्षं काकूंना तिथे दोनदा उतरावं लागलं असतं.

केबल, गॅस, पाणी यांचे पाइप टाकायचे असतील ते आधी टाकून घ्या, आडव्या रिकाम्या नळ्याही ठेवायला सांगा. नवा फूटपाथ तीन महिन्यांत खणला गेला की पेव्हर ब्लॉक पुन्हा कधीच सपाट बसत नाहीत.

दोषदायित्व कालावधी किती, ते कार्यादेशात बघा. तोवर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं होते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री आणि मोबाईल घेऊन सगळ्या लांबीवर एक फेरी मारा. पाणी जिथे साचलं असेल तिथे उभं राहून फोटो काढा आणि पाण्याच्या कडेला कुंपणावर ऑइल पेंटनं ठिपका द्या, खडू वाहून जातो. त्याच आठवड्यात ठिपक्यांच्या नकाशासह पत्र द्या, आणि सप्टेंबरात वही घेऊन पुन्हा एकदा काकूंबरोबर तलावपाळीपर्यंत चालत जा.